टिकलेली फळं

पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. शिकवणं, घर आणि पेपर तपासणं यातून जो वेळ उरे, त्यात पीएच.डी. रेटत होते. विषय संत्र्याचा: कळीपासून पिकलेल्या फळापर्यंत आतल्या ऊती कशा घडत जातात. त्यासाठी सौसरजवळ बोरगावला बाबांच्या बगीच्यात जाऊन ठरावीक काळाने फळं तोडून आणायची.

आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांना मी रंगीत दोरे बांधले होते. मे महिन्यात उन्हानं घात केला. सुपारीएवढी फळं दोऱ्यांसकट खाली पडली. थोडीच टिकली, आणि तीच मला हवी होती.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "जे टिकलं तेच तोडून राहिली काय व?"

"दुसरा उपाय नाही, बाबा. आत पाहायचं तर कापावंच लागतं."

ते धुऱ्याकडे, बगीच्याच्या बांधाकडे निघून गेले. त्यांना समजावण्याचंही त्राण माझ्यात नव्हतं. फळं ऊती टिकवणाऱ्या औषधाच्या बरणीत टाकली आणि बरणी मांडीवर धरून बसमध्ये बसले.

दिवाळीनंतर बाबा स्वतःच कॉलेजात आले. दोरा बांधलेलं शेवटचं पिकलं फळ पिशवीत होतं. "म्याच तोडलं," एवढंच म्हणाले.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. एक डोळा तळहातानं झाकून ते वाकले. पहिली काचपट्टी कळीची होती.

"हे बारके बारके उंचवटे काय होय?"

"फोडीच्या आतल्या भिंतीला फुटलेले केस आहेत ते. तेच लांबतात, रसानं फुगतात. आपण गर म्हणून खातो ते हेच."

"एवढ्या लवकर?"

"हो. फूल उमलायच्या सुमारासच सुरू होतं."

ते पुन्हा वाकले. बराच वेळ मान वर केली नाही.

"मंग जे गळले, त्याइच्यातही सुरू झालंच असन हे."

"झालंच होतं, बाबा."

त्यांनी चष्मा पुसला. चहा मागितला, पण अर्धाच प्यायले. मी त्यांना सौसरच्या बसमध्ये बसवून परत आले आणि त्या फळाचे तुकडे करायला घेतले. पहिले दोन काप फाटले, तिसरा जमला.

प्रबंध पुढच्या उन्हाळ्यात दिला. पदवीचं कळलं त्या दुपारी मी जी झोपले, ती दिवेलागणीला घरच्यांनी उठवलं तेव्हाच जागी झाले.