सवय लागते म्हणणारा

मॉर्फिनची गोळी मागितली की "सवय लागते ना, सिस्टर," असं म्हणायचं आणि खर्रा डाव्या गालातून उजव्या गालात सरकवायचा, ही त्याची लकब. तंबाखू-सुपारीचा तो खर्रा ड्युटीवर येताना तोंडात जायचा, तो जेवणापुरता बाहेर यायचा. औषधांच्या खिडकीखालची भिंत पार लाल झाली होती. आता कोणाच्या सवयीबद्दल कोण बोलतंय, ते तुम्हीच बघा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा दवाखान्यात तो औषधं सांभाळायचा आणि मी वॉर्ड. सगळे त्याला भाऊ म्हणत. खोटं कशाला बोलू, माणूस अगदीच दगड नव्हता. कापसानं गावंच्या गावं खचली होती त्या वर्षांत. फवारणीचं औषध प्यालेला पेशंट आला की भाऊ स्वतः इंजेक्शन घेऊन अनवाणी पळत यायचा. "वाचला पाहिजे बाप्पा," म्हणायचा. तेवढ्यापुरता तो मला आवडायचा.

पण जो वाचणार नाही, त्याच्यासाठी त्याच्याकडे काहीच नव्हतं.

फुलसावंगीकडची एक बाई आली होती. छातीचा कॅन्सर हाडांत उतरलेला. डॉक्टरांनी दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. नवरा चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेला आणि तापाच्या साध्या गोळ्या घेऊन परत आला. भाऊनं त्याला विचारलं होतं, "हे अफूपासून बनते, मालूम हाय काय? घरच्या बाईले अफू चारता?"

मी तणतणत गेले. "ती महिनाभरही काढणार नाही. सवय लागून काय करणार आहे?"

"मेली तं अफूनं मेली म्हणतीन लोकं. नाव माह्यं येईन." आणि पचकन थुंकला.

डॉक्टरांनी नवऱ्याला पुन्हा समजावलं. पण अफू हा शब्द त्याच्या कानात बसला तो बसलाच. "नको सिस्टर, आमच्या घरात कोणी दारूलेबी शिवलं नाही," एवढंच म्हणत राहिला. बाई लुगड्याचा पदर चावत पडून असायची. गेली तेव्हा तो तिच्या दातांतून सोडवावा लागला.

"त्या गोळीनं तिले झोप लागली असती काय, सिस्टर?" नवऱ्यानं विचारलं.

"लागली असती," मी म्हणाले. तो भिंतीला टेकून खाली बसला.

भाऊ निवृत्त झाला तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, "यांच्या काळात मॉर्फिनची एकही गोळी इकडची तिकडे झाली नाही." टाळ्या पडल्या. भाऊनं हात जोडले. खरोखरच डोळे भरून आले होते त्याचे. माझ्या तोंडात पेढा होता. तो मी बाहेर जाऊन थुंकून टाकला.