ताईच्या मापाचं घर

घरबांधणी खात्यात त्यांना सगळे टेपसाहेब म्हणत. कमरेच्या पट्ट्याला मोजायची टेप अडकवल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नसे, आणि घरात असला तरी ती टेप उशाशी असे. कुणाकडे जेवायला गेले तर आधी त्यांच्या दाराची रुंदी मोजत, मग आत येत, आणि जेवताना यजमानांना सांगत की तुमच्या बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जाणार नाही. यजमान म्हणत, आमच्याकडे व्हीलचेअरवरचं कुणी नाही हो. 'अजून नाही,' असं म्हणून टेपसाहेब ताट पुढे करत. त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा जेवायला फारसं कुणी बोलवत नसे.

या टेपसाहेबांना घरी मात्र 'छोट्या' म्हणणारी एक थोरली बहीण होती. ताई. लहानपणी एका तापात तिचे पाय गेले आणि तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर होती. पायातलं सगळं बळ जिभेत उतरलं, असं तिचा भाऊच सांगे, अर्थात ती आसपास नसताना. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून तिनं सगळी नोकरी केली आणि भल्याभल्यांना तारेवरून गप्प केलं. निवृत्त झाल्यावर ते काम ती घरात बसून करत होती. तिची खुर्ची प्रत्येक पायरीशी अडते हे बघतच टेपसाहेब मोठे झाले. नकाशे काढायचं शिक्षण त्यांनी घेतलं ते तिच्यामुळेच, आणि ही गोष्ट ते कुणालाही सांगत नसत, कारण ताईला कळली असती तर तिनं त्यावरूनही सुनावलं असतं.

खात्यानं अपंग माणसांसाठी कमी भाड्याची इमारत बांधायचं ठरवलं आणि तिच्या घरांचा आराखडा टेपसाहेबांकडे आला, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. त्याच आठवड्यात सकाळच्या चहाला ताई म्हणाली, "मी नाव नोंदवलंय."

"कशात?"

"तुझ्या इमारतीत. मला एकटीला राहायचंय."

टेपसाहेबांच्या बायकोनं हातातला कप खाली ठेवला. टेपसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही. जास्तच आहे."

"आणि तुझ्याकडे बघणार कोण?"

"घर तूच बांधतोयस ना? मग असं बांध की कुणी बघायला नको."

बायकोनं एकदा 'वन्सं, आमचं काही चुकलं का?' असं विचारून पाहिलं. ताईनं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही गं. मी साठीच्या पुढे गेले. आता नाही तर कधी?" वेळही खरोखरच थोडा होता. त्या जागेवर वाहनतळवाल्यांचा डोळा होता आणि आराखडा या वर्षात मंजूर झाला नाही तर जागा त्यांच्या घशात जाणार हे खात्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

टेपसाहेब हात धुवून कामाच्या मागे लागले. खात्यात मापांचं एक जाडजूड पुस्तक होतं, पण त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पुस्तक लिहिणारा माणूस पायांवर चालत ऑफिसला गेला असणार, असं त्यांचं म्हणणं. घरात अस्सल माप बसलेलं असताना पुस्तक कशाला उघडायचं? रोज संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीला लावत, खडूनं जमिनीवर नवं घर आखत आणि ताईला त्यात फिरायला लावत. खुर्ची कुठे वळते, हात कुठवर पोचतो, ओट्याखाली गुडघे जातात का, सगळं टेपेनं मोजून टिपून घेत. ताई आधी कुरकुर करे आणि मग स्वतःच सांगे, "बटण आणखी खाली घे. मला काय दिवा लावायला झोका घ्यायला लावतोस?"

घरात चालायची मात्र पंचाईत झाली. खडूच्या दारातूनच आत यायचं, असा दंडक होता. बायको भिंतीतून आरपार चहा घेऊन आली की टेपसाहेब कळवळत. "अहो, रेघ आहे ती," ती म्हणे. "आज रेघ आहे," टेपसाहेब म्हणत. वरच्या मजल्यावरचे शेजारी एकदा साखर मागायला आले आणि नेमके जाऊन संडासात उभे राहिले. त्यांना तिथून बाहेर काढून स्वयंपाकघरात नेल्यावरच साखर देण्यात आली.

खडूतलं घर ताईला पसंत पडल्यावर खात्याच्या गोदामात सुतारांकडून तेच घर प्लायवूडमध्ये उभं करून घेतलं. छत तेवढं नव्हतं, बाकी दार, ओटा, पलंग, न्हाणीघर, संडास, धरायच्या दांड्या, सगळं खऱ्या मापाचं. ही टेपसाहेबांची जुनी रीत होती. आधी लाकडात राहून बघा, मग सिमेंट ओता. मुख्य अभियंत्यांना हा पोरखेळ वाटे, पण मंजुरीची सही त्यांचीच असल्यामुळे चाचणीच्या दिवशी तेही हजर राहिले.

नाव नोंदवलेल्यांपैकी काहीजणांना घर वापरून बघायला बोलावलं होतं. पहिला मान अर्थातच ताईचा. ती दारातून आत गेली, गर्रकन वळली, दिवा लावला, ओट्यापाशी जाऊन लटकी भाजी चिरली, पलंगावर सरकली, परत खुर्चीत आली, आणि कुठेही एकदासुद्धा अडखळली नाही. लोण्यातून सुरी जावी तसं सगळं झालं. टेपसाहेबांची छाती इतकी फुगली की पट्ट्यावरची टेप वर सरकली.

मग शिंपीकाका आत गेले. हे गृहस्थ शहरातले नावाजलेले शिंपी होते आणि ते त्यांना चांगलंच माहीत होतं. मेंदूतल्या रक्तस्रावानं त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, पण तोरा तसूभर कमी झाला नव्हता. आत गेल्या गेल्या त्यांची खुर्ची दाराच्या चौकटीवर आपटली. दिव्याचं बटण त्यांना सापडेना. ओट्याशी नळ सोडायला गेले तर कोपर पातेल्यांच्या फळीवर बसलं. शेवटी ते कपड्यांनिशी संडासावर बसले आणि तिथून गंभीर आवाज आला, "आता उठायचं कसं?"

"दांडी धरा, काका," टेपसाहेब बाहेरून म्हणाले.

"कुठली दांडी?"

"शेजारची."

"शेजारी आहे ती माझ्या मेलेल्या हाताच्या शेजारी आहे. जिवंत हाताशेजारी भिंतसुद्धा नाही."

दोघांनी मिळून काकांना उचललं. त्यांच्या मागून गाणं शिकवणाऱ्या बाई गेल्या. त्यांना दिसत नव्हतं. त्या हातानं चाचपत घरभर फिरल्या आणि चौकशी करावी तसं म्हणाल्या, "इथे सगळं डावीकडेच का हो ठेवलंय? मला काय, दोन्ही चालेल. एकदा ठरवा आणि रोज बदलू नका, म्हणजे झालं."

"मी सांगतो का ते," शिंपीकाका म्हणाले. "माझ्या दुकानात एक डावखुरा कारागीर होता. त्याची कात्री हातात घेतली की कापड चावलं जायचं, कापलं जायचं नाही. हे घर त्या कात्रीसारखं आहे. डावखुऱ्या माणसानं डावखुऱ्या माणसासाठी केलेलं."

गोदामात सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताई डाव्या हातानं पाणी पीत होती.

टेपसाहेबांच्या कानशिलांत रक्त चढलं. ताई डावखुरी होती हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण सूर्य पूर्वेला उगवतो हे जसं कुणी टिपून ठेवत नाही तसं तेही कधी टिपलं गेलं नव्हतं. घरात चमचे, चाकू, साबण, सगळं ताईच्या सोयीनं डावीकडे असे. इतक्या वर्षांत बायकोही डाव्या हातानं पीठ मळायला शिकली होती. ते स्वतः उजव्या हातानं लिहीत, पण आपण डाव्या हातानं दात घासतो हे त्यांना त्या क्षणी, गोदामात, मुख्य अभियंत्यांसमोर उमगलं. अख्खी इमारत एका डावखुऱ्या बाईसाठी आखली होती, आणि ती बाई आता हसून हसून इतकी हलत होती की खुर्चीची चाकं करकरत होती.

मुख्य अभियंते हसले नाहीत. "म्हणजे सगळं पहिल्यापासून," ते म्हणाले. "नव्यानं मापं, नवा नमुना, नवी चाचणी. या वर्षी काही हे होत नाही. मी तसं वर कळवतो. जागेचं काय व्हायचं ते होईल."

आणि इथे टेपसाहेबांच्या मनात जे झालं ते त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. आराखडा बारगळला, जागा गेली, म्हणजे ताई कुठेही जात नाही. सकाळच्या चहाला ती असणार, संध्याकाळी टोमणे मारायला ती असणार. हे सुख त्यांच्या तोंडावर किती वेळ दिसलं असेल कोण जाणे, पण ताईचं हसू एकदम थांबलं. तिनं भावाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मान खाली घातली आणि मांडीवरच्या रुमालाची घडी घालायला घेतली, घडी झाली तरी पुन्हा घालत राहिली.

ताईला असं गप्प बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ते तरातरा भिंतीकडे गेले. तिथे आराखड्याचा पारदर्शक कागद चिकटवला होता. खात्यात सगळे संगणकावर नकाशे काढत, टेपसाहेबांना मात्र अजून ट्रेसिंगचा कागदच लागे. त्यांनी तो उपटला, पालथा केला आणि पुन्हा भिंतीला लावला.

"हे बघा, सर. डावीकडचं उजवीकडे आलं. दांडी, बटण, नळ, सगळं."

"अक्षरं उलटी झालीत," मुख्य अभियंते म्हणाले.

"अक्षरांत कुणी राहणार नाहीये, सर. अर्धी घरं अशी करायची, अर्धी तशी. दोन घरांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून येतील. पाण्याचा पाइप दोघांत एक. मापं तीच, नमुना तोच. सुतार चार दिवसांत प्लायवूड फिरवून देतील. काकांना पुन्हा बोलवू."

पाइप वाचतो म्हटल्यावर मुख्य अभियंत्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच माणुसकी दिसली. त्यांनी कागदाकडे मान वाकडी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला वाकडी करून पाहिलं. "एवढंच करायचंय?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

शिंपीकाकांना पुन्हा बोलावलं तेव्हा ते संडासावरून कुणाच्या मदतीशिवाय उठले आणि बाहेर येऊन म्हणाले की शिवण ठीक आहे, पण रंग गचाळ आहे. सही झाली.

इमारत उभी राहिली. ताईला तळमजल्यावरचं डाव्या हाताचं घर मिळालं, आणि न्हाणीघराच्या भिंतीपलीकडचं, शेजारचं उजव्या हाताचं घर शिंपीकाकांना. ताई जायच्या दिवशी टेपसाहेब सकाळपासून सामान नीट बांधलंय का ते पुन्हा पुन्हा तपासत होते, म्हणजे रडत होते. बायको उघडच रडत होती. ताई एकटी दोघांवर ओरडत होती.

पहिल्या रविवारी टेपसाहेब बहिणीला भेटायला गेले. घंटी वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

"मी. छोट्या."

"काय काम आहे?"

"काम कसलं? तुला बघायला आलो."

ताई म्हणाली, "आत्ता नको. थोड्या वेळानं ये."

टेपसाहेबांनी दारावर थाप मारली. "का? बरं नाही का? पडलीस का? दार उघड आधी."

"मला काही झालेलं नाही. चांगली ठणठणीत आहे. मला आत्ता कुणी नकोय, बस."

टेपसाहेब दारासमोर उभे राहिले. जुन्या घरात ताईची खोली स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधे होती, आणि तिला दाराऐवजी पडदा होता, कारण दारातून खुर्ची जात नसे. घरातला माणूस, गॅसवाला, वरचे शेजारी, सगळे तिथूनच जात. ती केस विंचरत असो, झोपलेली असो की रडत असो, येऊ का म्हणून कुणी कधी विचारलं नाही. त्यांनी तर नाहीच. आणि या सगळ्या वर्षांत, घराघरांतलं प्रत्येक दार मोजून काढताना, या गोष्टीचं माप घ्यायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शेजारचं दार उघडलं आणि शिंपीकाकांनी मान बाहेर काढली. "घरात घेत नाही का बहीण?"

"नाही," टेपसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं, त्यामुळे काकांना काही अर्थबोध झाला नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं आतून हाक आली, "छोट्या, गेलास का रे?"

"नाही. बसलोय बाहेर."

"बस मग," ताई म्हणाली, आणि तिनं रेडिओ लावला.