लाइटवाले सँडल

मुलांच्या चपला-बुटांतलं मला फार कळतं, असं मी बरीच वर्षं समजून होते. जबलपूरच्या उन्हाळ्यात लहान मुलांच्या पायात काय असावं, यावर मी शेजारणींना व्याख्यानं दिली आहेत. सँडल पुढून बंद हवं, म्हणजे सायकल शिकताना अंगठा सोलवटत नाही. मागे पट्टा हवा. तळ रबराचा हवा आणि घेताना तो वाकवून बघायचा. फोमचा असला तर मे महिन्याच्या फरशीवर आठवड्याभरात चपटा होतो. शिवाय दिसायला झकास हवं, नाहीतर पोरं ते कोपऱ्यात टाकून अनवाणी पळतात. हे सगळं मला पाठ होतं. फक्त ज्या पायात ते घालायचं, त्या पायाकडे मी कधी नीट पाहिलं नाही. माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे आणि अजून चालतो. किती दिवस चालेल, एवढाच आमच्या घरात आता प्रश्न आहे, आणि त्याचंही उत्तर डॉक्टरांनी देऊन ठेवलं आहे.

आम्ही जबलपुरातच महाराजपूरला राहतो, अधारतालच्या जरा पुढे. नवरा डिफेन्सच्या फॅक्टरीत आहे, मी नागपूरकडची, लग्न करून इकडे आले आणि इथल्याच एका बँकेत लागले. सासूबाई आमच्याजवळ असतात. मुलं दोन: हा मोठा, आणि त्याच्याहून दीड वर्षाने लहान मुलगी. आम्ही तिघं त्यांच्याशी मराठीत बोलतो आणि ती आम्हाला हिंदीत उत्तरं देतात. यावरून मी पूर्वी चिडचिड करायची. त्या काळात चिडचिड करायला मला फार बारीकसारीक कारणं पुरायची.

आमच्या घरात मुलांना कधी मापाचे बूट घेतले नाहीत. एक नंबर मोठाच घ्यायचा, पुढे कापसाचा बोळा भरायचा, आणि पाय वाढला की बोळा काढून टाकायचा. माझ्या माहेरी हेच, सासरीही हेच. "पोराच्या पायाला वाढ असते," सासूबाई म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यामुळे झालं काय, की मुलगा पडायला लागला तेव्हा कारण आमच्या हाताशी तयारच होतं. तो अंगणात पडायचा, पायऱ्यांवर अडखळायचा, बागेत इतर मुलांच्या मागे राहायचा. "काहून पडून राहिला रे सारखा?" सासूबाई विचारायच्या, आणि मी स्वयंपाकघरातूनच सांगायची, "बूट मोठा आहे, आई. दिवाळीपर्यंत बसेल बरोबर."

दिवाळीपर्यंत बूट बरोबर बसला. तो पडतच राहिला.

त्याच्या पोटऱ्या चांगल्या जाडजूड होत्या. घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्या दाबून बघायचा आणि म्हणायचा, पैलवान होणार हा. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी तेल लावताना त्या पोटऱ्यांवर थोपटायची. आणखी एक होतं. जमिनीवरून उठताना तो आधी हात टेकायचा, मग गुडघ्यांवर हात ठेवून अंग वर ढकलायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. "उठले, आजोबा उठले," असं म्हणून आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो, आणि तोही हसायचा. हे मला आठवलं की मी जिथे असेन तिथून उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तो साडेपाच वर्षांचा होता त्या उन्हाळ्यात मुलांनी लाइटवाले सँडल मागितले. पाऊल पडलं की तळातून लाल-निळा उजेड चमकतो, तसले. कॉलनीतल्या निम्म्या पोरांकडे होते. मला तो प्रकार भडक वाटायचा, पण पुढून बंद होते, तळ वाकवला तर छान वाकत होता, आणि दोघं दुकानात हात जोडून उभी राहिली. शहरातल्या जुन्या बाजारातलं ते दुकान. दुकानदार मध्यमवयीन, मऊ बोलणारा. एक नंबर मोठे असे दोन जोड घेतले, घासाघीस केली, आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी मुलगी अंगणभर पळत होती आणि तिच्या पायाखाली धडाधड दिवे लागत होते. मुलाच्या पायाखाली काही नाही. तो दोन पावलं चालायचा, वाकून बघायचा, पुन्हा चालायचा.

"मम्मा, मेरा लाइट नहीं जल रहा."

"दादा का खराब निकला," मुलीने निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी बँकेतून थेट दुकानात गेले. दुकानदाराने सँडल हातात घेतलं, टाच काउंटरवर आपटली, लखकन दिवा लागला. दुसरं आपटलं, त्याचाही लागला. "मैडम, पीस तो एकदम ठीक है." मी म्हटलं, तुमच्या हातात लागतो, आमच्या घरी लागत नाही. त्याने जोड बदलून दिला. घरी आले, मुलाच्या पायात घातला. पुन्हा अंधार. मग मात्र माझं डोकं सटकलं. मला लोकांनी फसवलेलं चालत नाही, माझी तशी ख्यातीच आहे. भाजीवाले मला बघून आधीच चार मिरच्या जास्त टाकतात. शनिवारी मुलाला सोबत घेऊन गेले, म्हणजे पुराव्यानिशी.

दुकानात गर्दी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, कारण दुकानदाराला घाम गिऱ्हाइकांसमोरच फुटतो. त्याने ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाला, "बेटा, ज़रा चल के दिखाओ." मुलगा चालला. दुकानदार काउंटरमागून बाहेर आला, खाली बसला, आणि मुलाच्या पायांकडे बघत राहिला. मुलगा परत येईपर्यंत तो तसाच उकिडवा बसून होता. मग उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलला.

"मैडम, बुरा मत मानिएगा. इसका बटन एड़ी में रहता है. बच्चे की एड़ी ज़मीन पे लग ही नहीं रही. पंजे पे चल रहा है. एक बार किसी अच्छे डॉक्टर को दिखा लीजिए."

तो हळू बोलला होता. मी हळू बोलले नाही. आपला माल खराब निघाला की लोक माझ्या मुलात खोट काढणार का, असं मी विचारलं. पैलवानासारखे पाय आहेत त्याचे, डोळे तपासून घ्या, असंही म्हणाले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्या दिवशी तर समोरचा माणूसच मला कार्टं वाटत होता. दोन बायका माझ्या बाजूने बोलल्या. त्याने पैसे परत दिले, सगळे. मी नोटा पर्समध्ये टाकल्या आणि मुलाचा हात धरून जिंकल्यासारखी बाहेर पडले. तो माझ्यासोबत टुणटुण चालत होता, आणि मी खाली पाहिलं नाही.

घरी मी ही हकिकत रंगवून सांगितली. सासूबाईंनी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. नवरा मात्र ताटावरून म्हणाला, "एवढी काहून चिडून राहिली तू? दाखवू ना एकदा डॉक्टरला. काय बिघडते?"

"तूही त्या दुकानदाराचाच का?" मी म्हटलं. तो स्वभावाने गप्प बसणाराच आहे, आणि मी त्या गोष्टीचा जन्मभर फायदा घेतला आहे.

मग मी दुसऱ्या दुकानातून बिनलाइटचे सँडल आणले. ते दोन महिन्यांत पुढून झिजले, टाचेकडे जसेच्या तसे. मी म्हटलं, हल्ली मालच टिकत नाही. शाळेचे काळे बूट घेतले, तेही पुढून गेले. त्या उन्हाळ्यानंतर पाऊस झाला, दसरा झाला, थंडी पडली. शाळेतल्या मॅडमनी बोलावून सांगितलं की हा जिना चढताना कठडा सोडत नाही, मुलं पुढे निघून जातात आणि हा रडतो. तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो. दुकानदाराने सांगितल्यापासून तोवर सात महिने झाले होते.

इथल्या डॉक्टरांनी त्याला जमिनीवर बसवलं आणि उठायला सांगितलं. तो हात टेकून, गुडघ्यांवर हात चढवत उठला. आम्हाला टाळ्यांची सवय होती, त्यामुळे त्याने हसून आमच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबल्या आणि कागदावर लिहायला घेतलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मग नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, मग आणखी एक तपासणी, जिच्या रिपोर्टला महिना लागला. स्नायूंचा आजार आहे. जाड पोटऱ्या हे त्याचंच लक्षण. स्नायू हळूहळू जात राहणार, आधी पायांचे, मग हातांचे, मग आतले. गोळ्यांनी थोडा वेळ मिळतो. दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत चालेल बहुधा, डॉक्टर म्हणाले. त्यापुढचं मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. आमच्याकडे तो मुंगीच्या पावलांनी आला आणि जाणारच नाही. मी डॉक्टरांना ते सात महिने सांगितले. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "गोळ्या थोड्या आधी सुरू झाल्या असत्या. शेवट तोच होता." म्हणजे माझ्या चुकीलाही काही किंमत नव्हती. आणि हा आजार आईकडून येतो. माझी तपासणी झाली, माझ्याकडूनच आला होता. मुलीचीही मोठी झाल्यावर करायची आहे. परतीच्या गाडीत मला कुणाशी तरी कडाडून भांडायचं होतं, आणि भांडायला माणूस सापडेना. त्या दुकानाच्या रस्त्याने मी अजून जात नाही. मला त्या माणसाची माफी मागायची आहे, पण त्याने "अब कैसा है बच्चा?" असं विचारलं तर काय सांगू?

आता घरात सगळं मुलाच्या चालीने चालतं. तो थकला की आम्ही सगळे थांबतो. अडचण मुलीची होती. ती भारी पळायची. गेटपासून कोपऱ्यापर्यंत बाण सुटावा तशी जायची आणि तिथून ओरडायची, "दादा, आओ ना!" दादा तिथवर पोचेपर्यंत मला बघवायचं नाही. मी तिला रागवायला लागले. पळू नको. हळू चाल. दादाला सोडून पुढे जाऊ नको. एकदा तर पाठीत धपाटाही घातला. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं आणि सांगता येण्यासारखंही नव्हतं, तेव्हा तिला एवढंच कळलं असणार की पळणं वाईट असतं. हळूहळू ती कमी पळायला लागली. मला वाटलं, शहाणी झाली पोर.

या एप्रिलमध्ये दोघांना घेऊन इथल्या सदर बाजारात गेले, उन्हाळ्याचे सँडल घ्यायला. मुलासाठी आता वेगळं बघायचं असतं: वजनाला हलकं, घोट्याला धरून ठेवणारं. ते मिळालं, आणि तो बाकावर बसून पाय हलवत आपले सँडल न्याहाळत बसला. मग मुलीची पाळी. तिने जांभळे निवडले, पुढून बंद, मागे पट्टा, तळ रबराचा. मी तो वाकवून पाहिला. दुकानदार म्हातारा होता, हौशी होता. त्याने स्वतः पट्टे लावले आणि म्हणाला, "चलो बेटा, दौड़ के दिखाओ दरवाज़े तक. काट तो नहीं रहा?"

ती उभी राहिली. तिने बाकावरच्या भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धाव," मी म्हणाले.

ती निघाली. एक हात कपाटाला लावून, पोट पुढे काढून, टाचा उचललेल्या, डुलत डुलत, अगदी त्याच्या चालीने ती दारापर्यंत गेली. तशीच वळली आणि तशीच परत आली. ती चिडवायला नक्कल करत नव्हती. तिचा चेहरा गंभीर होता, आपलं काम नीट करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"टाइट है क्या मैडम?" दुकानदाराने विचारलं. "एक नंबर और निकालूँ?"

मी तिच्यापुढे खाली बसले, तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, "धाव ना गं. मी रागावणार नाही. खरंच धाव."

"मुझे नहीं आता," ती म्हणाली, आणि जाऊन भावाच्या शेजारी बसली.