मनगट सोडवायची शिकवणी

बल्लारपूरला एका सराफाच्या दुकानात मी काउंटरवर असते. माझ्यासोबत एक बाई आहेत, सिंदेवाहीकडच्या, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. शेजारच्या गावात भरदुपारी एक दुकान लुटलं गेलं, तिथल्या नोकराचं डोकं फुटलं, तेव्हा आमच्याकडच्या व्यापाऱ्यांनी दुकानात काम करणाऱ्यांसाठी शिकवणी लावली. दुकानं बंद असायची त्या दिवशी, शाळेच्या हॉलमध्ये.

शिकवायला एक निवृत्त महिला पोलीस आल्या. आम्हाला वाटलं, लाथाबुक्क्या शिकवतील. त्यांनी आधी विचारलं, "समोर कोणी गावठी कट्टा धरला तर काय करसान?"

"झडप घालीन!" मागून एक जण म्हणाला.

"अन् मरसान. सोनं पुन्हा घडवता येते. माल देऊन टाकायचा. हात दिसू द्यायचे. हात हलवायच्या आधी तोंडानं सांगायचं. पण कोणी ओढून नेऊन राह्यला, तर मात्र जायचं नाई."

मग त्यांनी पकड सोडवायला शिकवलं. धरणाऱ्याच्या अंगठ्याकडं पकड कच्ची असते. तिकडं मनगट फिरवायचं आणि झटक्यात खाली बसायचं. गिऱ्हाईक नसलं की बाई आणि मी एकमेकींची मनगटं धरायचो. शेठ बघून हसायचे.

दिवाळीच्या थोडं आधी, शेठ जेवायला घरी गेले असताना, हेल्मेट घातलेले दोघे आत आले. एकानं कट्टा काढला. नातीसाठी पैंजण बघत बसलेले एक म्हातारे गिऱ्हाईक ओरडत उठले.

"बाबाजी, बसून राहा," मी म्हणाले. आवाज सरळ निघाला.

बाई कट्टेवाल्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊ, तिजोरीची चाबी खाली आहे. हात खाली नेऊन राह्यली." जणू बांगड्या दाखवत होत्या.

त्या दोघांनी पिशवी भरली. निघताना दुसऱ्यानं माझं मनगट धरलं. "चल, गाडीपर्यंत."

मी विचार केलाच नाही. मनगट फिरलं, मी फरशीवर बसले, आणि त्याचा हात रिकामा राहिला. बाहेरून त्याच्या साथीदारानं हाक मारली, तसा तो पळाला. बाईंनी धावत जाऊन शटर ओढलं. मग आम्ही तिघं खालीच बसलो. बाई रडायला लागल्या आणि मला, का कोण जाणे, हसू फुटलं.

पोलिसांना बाईंनी सगळं सांगितलं: एकाचं लंगडणं, हातावरचं गोंदण, गाडी कुठल्या रस्त्याला वळली ते. थोड्याच दिवसांत दोघे सापडले, बराचसा माल परत आला. माझे अब्बा घरीच शिलाईचं काम करतात. कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते मशीन थांबवून ही हकिगत सांगायचे. मी आत बसून ऐकायची आणि मनातून फार सुखावायची.

आता त्या पोलीस मॅडम कुठं शिकवायला गेल्या की आम्हा दोघींना नेतात. मध्यंतरी एटापल्लीला गेलो होतो. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीमुळं तिथं नवी दुकानं झालीत, काउंटरवर आसपासच्या गावांतल्या पोरी आहेत. एकीनं दबकत विचारलं, "ताई, तुमाले भेव नाई लागला?"

"लागला ना," मी म्हणाले. "लय लागला. ये, हात दे इकडं."