ह्यांनी देवापुढं माझं कॉलेज सोडलं

देवाच्या दारातून परतताना मन निवांत होतं, असं सगळे म्हणतात. माझं झालं नव्हतं. श्रीशैलहून भालकीकडे मोटरसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून येताना मी इतकी चिडलेली होते की ह्यांच्या खांद्याला हातसुद्धा लावत नव्हते. सीटमागची कडी धरून बसले होते. हे असं लिहावं की नाही, मला नीट कळत नाही. देवाचा अनुभव सांगायचा तर सुरुवात भक्तीनं करावी. पण माझ्याकडे तेव्हा भक्ती नव्हती, राग होता. निम्मा नवऱ्यावर आणि निम्मा देवावर.

कारण सांगते. लग्नाला काही वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई श्रीशैलचा नवस बोलल्या होत्या, म्हणून आम्ही दोघं निघालो. आमच्याकडे लांबच्या तीर्थाला गेलं की आवडीचं काहीतरी तिथं सोडून यायची रीत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ, आणि पुन्हा जन्मभर ते तोंडाला लावत नाही. मी आंबा सोडायचं ठरवलं होतं. नदीच्या पायऱ्यांवर ओंजळीत पाणी घेऊन हे माझ्या आधी उभे राहिले, डोळे मिटले आणि देवाला मोठ्यानं म्हणाले, "मल्लय्या, हिचं कॉलेज सोडलो."

माझ्या ओंजळीतलं पाणी तसंच गळून गेलं. आंबा सोडायचा राहिला. मी काहीच न सोडता पायऱ्या चढले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या आईला अजून बसची पाटी वाचता येत नाही. बी.ए.चं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. लग्नानंतर मला पुन्हा कॉलेजात घातलं तेही ह्यांनीच, हे खरं. म्हणून तर जास्त लागलं. हैदराबादच्या अलीकडे एका धाब्यावर मी विचारलं, "माझं हाय ते तुमी कसं सोडलाव?"

"आवडीचंच सोडावं लागतंय की. भेंडी सोडून देव पावतोय व्हय?"

"मग तुमच्या आवडीचं सोडायचं होतं."

"तेच सोडलो. माझी बायको कॉलेजला जायली म्हणून गावभर सांगत फिरतो मी. त्याच्यापरीस आवडीचं दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

ह्या उत्तरानं कदाचित मला रडू यायला हवं होतं. मला ताट सारून उठावंसं वाटलं. माणूस तुमची वस्तू इतक्या प्रेमानं उचलून देऊन टाकतो, आणि वर तुम्ही गहिवरावं अशी त्याची अपेक्षा असते! त्यानंतर मी बोलले नाही. जहीराबाद गेलं, बीदर गेलं. मनातल्या मनात मी देवाशी भांडत होते. तू त्यांचं ऐकून घेतलंस कामून? मूल द्यायचं तर दे, नाहीतर नको देऊ, पण ही अदलाबदल कसली? ज्याची वस्तू त्याला विचारायची रीत तुझ्याकडं नाही का? मी देवाला असं कधीच बोलले नव्हते. बोलताना भीती वाटत होती, तरी थांबले नाही.

आमच्या गावाच्या अलीकडे ओढ्यावर एक बुटका पूल आहे. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. दिवस अजून मावळला नव्हता, पलीकडे गाव दिसत होतं. हे गाडी थांबवून पाण्याकडे बघत राहिले. मोठ्या रस्त्यानं वळसा घालता आला असता. "चाकाच्या वर पाणी न्हाई," म्हणाले आणि गाडी पाण्यात घातली. मी मागची कडी घट्ट धरली.

तेवढ्यात बाभळींच्या आडून एका बाईचा आवाज आला, "तडी! तडी!"

हे उदगीरला मामाकडे वाढलेले. कन्नड कानावर पडलं तरी ह्यांना मराठीच ऐकू येतं. ह्यांना तडी म्हणजे काठ वाटला. "बघ, तडी जवळच हाय म्हणायलीत," म्हणत ह्यांनी रेस वाढवली. पण आमचा भाग कर्नाटकातला, मी शाळेपासून कन्नड शिकलेली. आमच्याकडच्या कन्नडात तडी म्हणजे थांब. दिवसभर मिटलेलं तोंड उघडून मी ओरडले, "थांबा! थांब म्हणायलेत!" आणि दोन्ही हातांनी ह्यांना मागं खेचलं. गाडी बंद पडून कलंडली. "याड लागलंय का तुला?" असं हे ओरडत असतानाच आम्ही ती रेटत मागं आणली. काठाला लागलो तेव्हा बाभळीची एक मोठी फांदी वाहत येऊन पुलाला अडली, सरकत मधोमध गेली आणि तिथं उभी होऊन दिसेनाशी झाली. पाण्याखाली त्या जागी पूलच उरला नव्हता.

बाभळीमागून ती बाई आली. तिच्या हातात दावं होतं आणि दाव्याला एक म्हैस.

"अक्का, तुमी हाक मारलाव म्हणून वाचलो," मी म्हणाले.

"तुमाला कुठं मारले? तुमाला मी बघितलेच न्हाई. हिला म्हणायले, पाण्यात शिरायली ही भवानी." मग ओल्या चपला झटकणाऱ्या ह्यांच्याकडं बघून ती हसली. "जिला म्हणलं ती ऐकंना, आन तुमी ऐकलाव. तुमीच शाणे म्हणायचं."

ती म्हशीला ओढत निघून गेली. म्हशीला घातलेली हाक आमच्यापर्यंत कुणी आणली, ह्यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला जे ऐकू आलं ते लिहिलं.

हे दगडावर बसले. "तुला कसं कळलं?"

"शिकले म्हणून."

मरणातून वाचल्यावर राग जातो असं मला वाटायचं. माझा गेला नाही. नवऱ्यावरचा तर सगळाच शिल्लक होता. पण देवावरचा मात्र कुठं राहिला ते सापडेना. मी ओढ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आता आंबा सोडण्यात काही अर्थ वाटत नव्हता. मूल दे म्हणून जे मी रोज उठून देवाकडं मागत होते, ते मागणं सोडलं. ते माझं होतं. सोडायचा हक्क माझा होता.

वळसा घालून घरी पोचलो. सासूबाईंनी दारात आमच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं तेच विचारलं, "काय सोडून आलाव रे?"

ह्यांनी एकदा तोंड उघडलं की खरं ते सांगितल्याशिवाय राहणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि सासूबाईंच्या कानावर गेलेलं सोडणं पुन्हा मागं घेता येत नाही. हे चपला काढत बराच वेळ वाकून राहिले.

"मी चहा सोडलो, आई," ते म्हणाले. "हिचं हिला इचार."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "सोडले, आत्या," मी म्हणाले. "पर ते सांगायचं न्हाई."

सोमवारी मी कॉलेजला गेले. चहावाचून सकाळी ह्यांचं डोकं धरतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची अजून फारशी दया येत नाही. आपल्या वाट्याचं जे असेल तेवढंच देवाला देता येतं आणि ते दिलं की त्याकडं वळून बघायचं नसतं, इतकंच मला समजलं आहे. मूल अजून नाही, आणि मी मागतही नाही. राग मात्र येतो. तोही मी देवासमोरच काढते. ऐकणारा आहे, हे आता ठाऊक झालं आहे.