शाल चुकवणारे मामा

रत्नागिरीतले समस्त चोर एका बाजूला आणि आमचे मामेसासरे एका बाजूला. चोरपावलांनी चालण्यात मामाच जिंकतील. फरक एवढाच, की चोर घेऊन पळतो आणि मामा ठेवून पळतात. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी आजारी पडलं, की सकाळी त्याच्या पडवीत पेजेचा डबा येऊन बसलेला असतो. रविवारी उपासनेला जावं, तर चर्चची बाकं पुसलेली आणि प्रभुभोजनाचे पेले धुऊन पालथे घातलेले. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं सगळेच म्हणतात. मामांचा प्रश्न असा, की मुळात या हाताला तरी कशाला कळवायचं? मामी तर सांगतात, "स्वतःच्या लग्नाच्या फोटोत पण मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते हे!"

बरं, पकडलं तर कबूल होतील? छे! उलट श्रेय दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे. एकदा चर्चची फुटकी कौलं कोणी बदलली, अशी चौकशी झाली. मामांनी बेधडक आमच्या खजिनदारांचं नाव ठोकून दिलं. खजिनदार म्हणजे घर गळलं तर कौल न बदलता बादली ठेवणारा गृहस्थ. पण चारचौघांनी आभार मानल्यावर त्यांना नाही म्हणवेना, आणि पुढच्या वैशाखात बिचारे खरंच शिडीवर चढले. शिडी धरायला खाली मामा. मी छेडलं, तर म्हणाले, "त्याला कोणी कधी चांगलं म्हटलंच नव्हतं हो. म्हटलं, आपण म्हणून बघू."

यंदा मात्र चर्चच्या पाळकसाहेबांनी चंगच बांधला. नाताळच्या कार्यक्रमात मामांचा सत्कार करायचा. शाल, पुष्पगुच्छ आणि माझं भाषण. मी भाषण पाठ केलं, नवं जाकीट शिवलं, आरशासमोर तालीमही केली. गुपित अर्थातच फुटलं. मामा घरी आले आणि समोरचा चहा तसाच ठेवून म्हणाले, "जावईबापू, एकदा ती शाल अंगावर पडली, की माझं काम गेलं बघा. झाडू उचलला, की चार जण धावतील, मामा तुम्ही कशाला म्हणून. मग मी करू काय घरात बसून? एवढाच तर आनंद आहे मला." त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. जाकिटाचंही वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. मामा शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेले. पाठ केलेलं भाषण मी बाजूला ठेवलं. मी एवढंच म्हणालो, "आपल्यात एक माणूस आहे. नाव सांगितलं तर त्याचं काम आपण काढून घेऊ, म्हणून सांगत नाही. नुसत्या टाळ्या वाजवू."

सगळ्यात मोठी टाळी शेवटच्या बाकावरून आली. हा माणूस कोण, म्हणून मामा इकडेतिकडे बघतही होते. तेवढ्यात खजिनदार उठले, कॉलर सारखी केली आणि लाजत पुढे आले. पाळकसाहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शाल त्यांच्याच खांद्यावर घातली. मामांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

घरी परतताना उतारावर मामांनी माझा हात धरला. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, पण आजवर त्यांनी कोणाचा आधार घेतलेला मी पाहिला नव्हता. थोडं चालल्यावर हळूच म्हणाले, "पाठ केलं होतंत ना? काय होतं हो त्यात?"

मी चालता चालता सगळं भाषण म्हटलं. आजारी माणसं, पेज, बाकं, कौलं, काही गाळलं नाही. मामा मन लावून ऐकत होते.

"चांगला आहे हो माणूस," शेवटी ते म्हणाले. "मला नाही जमायचं एवढं."