बुरशीचा मेकअप

रंगमामांच्या बाथरूममध्ये शिरायचं म्हणजे आधी छातीभर श्वास घ्यायचा आणि काम उरकेपर्यंत तो सोडायचा नाही. हवा इतकी दमट की साधा रुमाल दोन दोन दिवस वाळत नसे. छतावर काळ्या ठिपक्यांचा बुजबुजाट, फरशीच्या सांध्यांत हिरवट चिकटा, आणि साबणदाणी उचलली की खाली बेडकाच्या पाठीसारखं काहीतरी बुळबुळीत. मामींना तिथे दात घासताना उमासे येत.

मामांनी चाळीस वर्षं नाटकमंडळींचे मेकअप केले, म्हणून ते सगळ्यांचे रंगमामा. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची जागरणं, सगळं त्यांच्या बोटांखाली नाहीसं व्हायचं. हात असा हलका, की खुर्चीतल्या नटाला डुलकी लागावी!

एके दिवशी मुलीचा फोन आला. सुट्टीत ती नातीला महिनाभर त्यांच्याकडे ठेवणार होती; पण पोरीची छाती नाजूक. "बाबा, मागच्या वेळी ती तुमच्याकडून घरघरत आली. बाथरूममध्ये बुरशी दिसली तर आल्या पावली परत नेईन."

वर्षभर वाट पाहिलेला महिना तो! मामांनी क्रीम रंगाचा डबा आणला आणि स्टुलावर चढले.

"अहो, आधी खरवडा तरी," मामी नाक दाबून म्हणाल्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"या मुठीला वास आहे. पण झाका! आयुष्यभर माणसांची थोबाडं झाकलीत, आता भिंतीचं झाका."

रंगाचे तीन हात झाले. मामा दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून कौतुकाने बघत राहिले.

चौथ्या दिवशी मायलेकी आल्या. नात थेट बाथरूममध्ये गेली आणि तशीच बाहेर आली. "आजोबा, छताला फोड आलेत. आणि ओल्या मोज्यांचा वास येतोय."

मामा आत धावले. रंगाला टपोरे फुगे आले होते. सुटलेली मिशी बसवावी तसा त्यांनी एक फुगा बोटाने दाबला. तो पचकन फुटला. आतला काळा चिखल मनगटावरून बाहीत उतरला आणि एक थेंब थेट ओठांवर! मामा बेसिनवर वाकून थुंकत राहिले.

मागे नात खोकली. मुलीने नुसती बॅग उचलली.

"ने तिला," मामा तोंड पुसत म्हणाले. "घामेजल्या चेहऱ्यावर रंग चढवू नये, हे मी शंभर पोरांना शिकवलं. आधी पुसायचं, मग सुकू द्यायचं, मग रंग. आणि घरात मीच फसवाफसवी केली."

त्या गेल्यावर मामांनी तोंडाला फडकं बांधलं. वारा लागतो म्हणून झरोक्यात त्यांनीच कोंबलेला पुठ्ठा ओढला, तर हातात लगदा आला. मागच्या बाजूला केसाळ करडी साय. आठवडाभर ते खरवडत होते. पापुद्रे केसांत पडत. मग ब्लीचच्या पाण्याने घासलं, झरोका उघडा ठेवून पंखा लावला आणि वाट पाहिली.

दहाव्या दिवशी त्यांनी फोन केला. "ये. पण दिसायला छान नाही."

मुलीने स्टुलावर चढून पांढरा रुमाल छताच्या कोपऱ्यांतून फिरवला. कोरडा आणि स्वच्छ. वर नुसतं ओरबाडलेलं सिमेंट. "बाबा, किती भयंकर दिसतंय!"

"मेकअप उतरलाय ना," मामी म्हणाल्या.

मुलीने बॅग खाली ठेवली. नातीने आपला दात घासायचा ब्रश बाथरूममधल्या पेल्यात ठेवला. मामांनी तो झटकन उचलला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवला.

"आईने रुमाल फिरवून पाहिला ना?" नात म्हणाली.

"आईने नुसता रुमाल फिरवलाय, बाळा. मी चव घेतलीय."